पिवळी तार

सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाताना गुलाबचंद परात्यांचं घर विचारा, लोक लगेच म्हणतात, "ते छोट्या गाडीवाले ना?" हो, तेच. गाडी आहेच तशी. हातभर लांब, हुबेहूब जुनी राजदूत मोटरसायकल, टाकी मोसंब्याएवढी, आणि बोटाने किक मारली की खरोखर फटफट करत धूर सोडणारी. सगळी घरच्या लेथवर घडवलेली. फक्त तिच्या चाकांत तारा कोणी भरल्या हे कोणी विचारत नाही, आणि गुलाबचंद आपण होऊन सांगेल तर शपथ.

खरी राजदूत त्यांच्याकडे होती. अनुसयाला उमरेडहून लग्न करून आणलं ते त्याच गाडीवर, पदर चाकात जाईल या भीतीने ती सगळी वाट पदर मुठीत धरून बसलेली. पुढे पोरीच्या, प्रणालीच्या लग्नात ती गाडी विकली, आणि गुलाबचंदच्या जिवाला जी चुटपुट लागली ती लागलीच. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर त्याने महाल भागातल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून लोखंड कातायची जुनी लेथ मशीन आणली, मागच्या टिनाच्या खोलीत बसवली आणि जाहीर केलं की आता गाडी घरीच बनणार, लहान का होईना. अनुसया वैतागली. लोखंडाचा कीस त्याच्या पायांना चिकटून थेट चुलीपर्यंत यायचा. पोळ्यांत लोखंड घालायचं तर आधी डॉक्टरला तरी विचारून घ्या, असं ती ऐकवायची.

इंजिन त्याने एकट्याने केलं. ज्याचं त्याला द्यावं, त्यात काही हात आखडायचं कारण नाही. आख्खी जिंदगी लेथवर टर्नरची नोकरी केलेला माणूस तो. अंगठ्याएवढा पिस्टन, त्याच्या रिंगा, सगळं त्याने असं घासूनपुसून बसवलं की पहिल्यांदा ठिणगी पडून ते इंजिन फुरफुरलं तेव्हा अनुसयासुद्धा हातातलं कणकेचं ताट घेऊन बघायला धावली होती.

पण गाडी अडली चाकांपाशी. एवढ्याशा रिममध्ये सुईसारख्या बारीक तारा भरायच्या, प्रत्येकीला दुसरीवरून नि तिसरीखालून न्यायचं, आणि शेवटी चाक फिरवलं की ते सरळ फिरलं पाहिजे. त्याच्या डोळ्यांना तारेचं टोक दिसेना. एक तार कसली की दुसरीकडून चाक लचकायचं, ती कसली की तिसरीकडून. सायकलवाले म्हणतात तसं चाक आउट व्हायचं, आणि गुलाबचंदचं डोकं त्याच्याआधी. शेवटी एका दुपारी त्याने चाक भिंतीवर हाणलं, त्याच्या आईबापाचा उद्धार केला आणि जाऊन झोपला.

अनुसयाने ते उचललं. ती उमरेडच्या कोष्ट्याची पोर. बापाच्या हातमागाखाली रांगलेली, आणि हात जरा वळायला लागल्यापासून तुटलेले धागे सांधायला बसलेली. फणीतून धागा ओवायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते तिच्या अंगातच होतं. तिने चाक मांडीवर घेतलं. सगळ्या तारा आधी सैल भरल्या, एकीलाही कसलं नाही. मग मागावरच्या ताण्यावरून फिरवतात तसा तारांवरून बोटाचं टोक फिरवत, जी ढिली लागेल तिला इवलासा पीळ, समोरचीला इवलीशी ढील, असं करत संध्याकाळच्या भाकरी टाकायच्या आत तिने चाक सरळ केलं. गुलाबचंद उठून आला, चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि खाली बसला.

"कसं केलं वं हे?"

"तुमी लोखंड समजून करून राहिले होते," ती म्हणाली. "मी सूत समजून केलं."

त्या दिवसापासून टिनाच्या खोलीत दोन पाट पडले. दुसरं चाक तिचं. गादीवरची शिवण तिची. साखळीच्या कड्या तिने जोडल्या. पुढे तर तो तिला लेथवरही उभं करू लागला. पदर खोचून, चष्मा लावून ती तारांच्या टोकांना नट बसायचे आटे पाडायला शिकली. त्या दिवसांत दोघं जेवढं बोलले तेवढं अख्ख्या संसारात बोलले नव्हते. तिला वाटलं, म्हातारपण सुधरलं बाप्पा आपलं.

चाकांत तिने एक खोडी केली होती. स्टीलच्या तारांमध्ये प्रत्येक चाकात एक तार पितळेची, स्वतः आटे पाडलेली, भरली. गुलाबचंदला वाटलं स्टीलची तार कमी पडली असेल, त्याने विचारलंही नाही. पण ती कमी पडली नव्हती. तिचा बाप लुगड्याच्या शेवटी एक पिवळा धागा घालायचा, हे आपल्या हातचं आहे म्हणून. व्यापारी तेवढा शेव बरोबर कापून टाकायचा, गिऱ्हाईक उद्या थेट विणकराच्या दारात नको यायला. मग बाप तो धागा काठातच घालू लागला. काठ कापला तर लुगडंच गेलं. बाप नुसता गालात हसायचा.

सांगाडा तयार झाला तेव्हा गुलाबचंदने आपल्या जुन्या पेटीतून अक्षरांचे पंच काढले आणि टाकीच्या पोटाखाली, पालथी केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, दोन इंग्रजी अक्षरं ठोकली. आधी जी, शेजारी ए. गुलाबचंद आणि अनुसया. "दोघायची आहे ही गाडी," तो म्हणाला, आणि तिने मान खाली घातली. एवढ्या वर्षांच्या संसारात असं काही ऐकायची तिला सवय नव्हती.

मग महालात छंदांचं एक प्रदर्शन भरलं. कोणी काड्यापेट्यांची घरं आणली होती, कोणी जुनी नाणी. गर्दी होती ती गुलाबचंदच्या टेबलापाशी. अनुसया नवं पातळ नेसून, पिशवीत पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभी. अंकित नावाचा एक मोबाइलवर व्हिडिओ काढणारा पोट्टा आला आणि त्याने विचारलं, काका, मदतीला कोण होतं? ती पदर सारखा करू लागली. आता नाव येणार.

"मदत कसली गा? सगळं एकट्याच्या हातचं आहे. घरचे चहा पाजतात, तेवढंच."

लोक हसले. अंकितने कॅमेरा तिच्याकडे वळवला, काकू चहा चांगला करता वाटतं म्हणाला, आणि ती, देवाशपथ, हसली. काय करणार होती? चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडण्याचे संस्कार कोणी दिले होते तिला. घरी येताना ती स्वतःलाच समजावत राहिली. कॅमेरा पाहून माणूस बावचळतो. तोंडातून निघून गेलं असेल. विसरला असेल.

दोन-चार दिवसांनी धूळ पुसायला तिने गाडी पालथी केली. तिचं बोट सवयीने टाकीच्या पोटाखाली गेलं. जी लागला. पुढे काहीच लागलं नाही. तिने उजेडात धरून पाहिलं. ए होता तिथं कानस मारलेली होती, मग बारीक पॉलिशपेपर, मग त्यावर काळा रंग. काम एकदम साफ. जी ला खरचटलंसुद्धा नव्हतं.

ती तिथंच बसली. तोंडातून निघून जातं, मान्य. नाव सांगायचं माणूस विसरतो, तेही मान्य. पण विसरलेला माणूस कानस हातात घेत नाही. वाइसच्या जबड्यात टाकी धरावी लागते, जी ला कागद चिकटवून जपावं लागतं, डोळे ताणून घासावं लागतं. प्रदर्शनातून आल्यापासून गाडी तिच्या डोळ्यांसमोरच होती, तेव्हा हे त्याच्या आधीच झालं होतं. म्हणजे ती नवं पातळ काढत होती तेव्हा हा मागच्या खोलीत तिला घासून काढत होता. परक्याने केलं असतं तर तिने सात पिढ्या उद्धरल्या असत्या. इथं कोणाला बोलायचं?

दुपारी जेवायला वाढताना तिने एकदाच विचारलं, "माहं अक्षर काहून घासलं?"

गुलाबचंदने भाजीत पोळी बुडवली. "लोकं हसतात वं. जितेंद्रनं पालथी करून पाहिली असती म्हणजे? म्हणला असता, गुलाबची बायको टर्नर आहे अन् गुलाब चहा करते. फॅक्टरीतल्या लोकायले तोंड दाखवाले जागा नसती राहिली." तिचं तोंड पाहून त्याने आवाज मऊ केला. "अन् आपण दोघं का वेगळे आहोत? माहं नाव म्हणजे तुहंच नाव."

असं गोड बोललं की वाद संपतो अशी पुरुषांची समजूत असते. अनुसयाने त्याला आणखी एक पोळी वाढली.

जितेंद्र म्हणजे त्याचा फॅक्टरीतला जुना जोडीदार. रविवारी तो आणखी दोघा-तिघांना घेऊन गाडी चालताना बघायला येणार होता. रविवारी सकाळी गुलाबचंद चिवडा आणायला चौकात गेला, आणि अनुसया टिनाच्या खोलीत शिरली. तारेच्या नटांसाठी तिने स्वतः केलेली इवलीशी चावी कोनाड्यात होती. तिने दोन्ही चाकांतली पिवळी तार ढिली केली आणि काढून घेतली. बाकी कशाला हात लावला नाही. चाक फिरवून पाहिलं. ते लगेच लचकायला लागलं, एकीकडून चाक धरणाऱ्या फोर्कला घासत.

दोन्ही तारा तिने मुठीत धरल्या आणि मनाशी ठरवलं. चाक आउट आहे हे त्या लोकांना दिसणारच. तेव्हा यांनी एवढंच म्हणावं, चाकं हिची आहेत, हिला विचारतो. बस. जास्त नको. मोठ्याने नसलं तरी चालेल. तेवढं ऐकलं की मी पदर खोचते, सगळ्यांसमोर तारा भरून देते, आणि घासलेलं अक्षर विसरून जाते. ती खरंच विसरली असती. बायका कितीतरी मोठं मोठं विसरलेल्या आहेत.

मंडळी आली. अंगणात गाडी ठेवली, गुलाबचंदने बोटाने किक मारली, इंजिन फटफटलं. सगळे वा वा करत खाली वाकले. गाडी सुटली, हातभर गेली, पुढचं चाक डुगडुगलं, फोर्कला घासलं आणि गाडी आडवी झाली. इंजिन बंद पडलं. अनुसया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

जितेंद्रने गाडी उचलली, चाक फिरवलं, डोळ्याजवळ नेलं. तो काही आंधळा नव्हता. "चाक आउट आहे गा, गुलाब. अन् हे पाह्य, तार निघाली दिसते."

गुलाबचंदने चाक पाहिलं. मग मान वर करून दाराकडे पाहिलं. त्याला कळलं. त्याला सगळं कळलं, हे तिला त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. तिने मूठ घट्ट केली. म्हणा, तिच्या मनात आलं, म्हणून टाका.

"झाडू मारताना हिचा धक्का लागला असंल," गुलाबचंद म्हणाला. "कितीदा सांगतलं, त्या खोलीत जात नको जाऊ म्हणून. बायकायले मशीनचं काय समजते?"

सगळे हसले. जितेंद्रही हसला, पण चाकाकडे बघतच होता.

अनुसया आत गेली. चहा टाकला, आलं ठेचून घातलं, साखर बेताची. रोजच्यासारखाच केला, त्यात काही कमी केलं नाही. ट्रेमध्ये कपबश्या मांडल्या आणि बाहेर आणून एकेकाला दिल्या. सगळ्यात शेवटी गुलाबचंदला. त्याच्या बशीत, कपाच्या कडेला, दोन पिवळ्या तारा होत्या.

"हे काय वहिनी?" जितेंद्रने हात लांबवून एक तार उचलली. टर्नरचाच हात तो, बोट आपसूक टोकाशी गेलं. "याले आटे तं मस्त पाडले आहेत. कोणं पाडले?"

"त्यायलेच विचारा," अनुसया म्हणाली. "त्यायच्या गाडीच्या आहेत. बसवतीन ते आता. सगळं त्यायच्याच हातचं आहे. घरचे चहा पाजतात, तेवढंच."

तिने रिकामा ट्रे काखेत घेतला आणि उभी राहिली, उत्तर ऐकायला. जितेंद्र तार धरून गुलाबचंदकडे पाहत होता. बाकीचे चहा फुंकत होते. गुलाबचंदने बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली. त्याच्या कपातल्या चहावर साय धरली.

ती आत निघून गेली.