लॅव्हेंडरचा शर्ट

आमचे जावई लिफ्ट दुरुस्त करतात. एखादं काम अंगावर घेतलं की जरा जास्तच घेतात. लेकीच्या बाळंतपणात मन शांत राहावं म्हणून सुगंधी तेलाचा वास द्यायचं ठरलं, तेव्हा सिस्टरांनी दोघांनाही बजावलं होतं, "कापसावर एकच थेंब. वास नकोसा झाला तर कापूस फेकून देता येतो." आणि यांनी काय करावं? कंबर चोळायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून लॅव्हेंडरच्या तेलाची अख्खी बाटली स्वतःच्या शर्टावर रिकामी केली!

शेवटचे दोन महिने त्या वासाशिवाय लेकीला झोप येत नव्हती. कळा वाढल्या आणि तोच वास तिच्या डोक्यात जायला लागला. "घालवा आधी हे!" ती ओरडली. आता नवऱ्याला कापसासारखा फेकणार कसा? सिस्टरांनी दंड धरून त्यांना बाहेर काढलं. आत एकालाच थांबता येत होतं, म्हणून मला बोलावलं.

खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पहिलं नातवंड माझ्या डोळ्यांदेखत जन्माला येणार होतं. जावयांचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं. "आई, तिला सांगा, मी इथेच आहे," एवढंच म्हणाले.

मी लेकीची कंबर चोळू लागले. तिने माझा हात घट्ट धरला होता, पण डोळे दाराकडे.

"तो कुठंय?"

"आहे गं बाहेर."

पुढची कळ ओसरली, पुन्हा तेच. मला रागच आला. मी काय इथे शोभेला उभी आहे? मग तिच्या कपाळावरचा घाम पुसला आणि राग कुठल्या कुठे गेला.

मी तडक बाहेर गेले. "काढा तो शर्ट!"

"इथे?"

"लाजताय काय? बाप होताय आता!"

बाथरूममध्ये नेऊन साबणाने त्यांची मान, छाती, पाठ खसाखसा घासली. बिचारे हात वर करून उभे. सिस्टरांनी गाऊन दिला. मी मागच्या नाड्या बांधल्या आणि त्यांना आत ढकललं.

दार लागलं. मी बाकावर बसले. हात रिकामे रिकामे वाटत होते, नाही कशाला म्हणू?

थोड्या वेळाने आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. पाठोपाठ लेकीचं. आणि सगळ्यांत मोठ्याने जावयांचं, अगदी भोकाड पसरून. मी बाकावर बसून पोटभर ऐकलं.