सरळ बसणारं पोतं

आत्याच्या मनगटाला प्लास्टर लागलं, त्या दिवसापासून चाचणी अधिकाऱ्याचं बसणं सुटलं.

काळजीने कुणाची झोप उडते, कुणाची भूक मरते. याचं बसणं गेलं. सकाळचा चहा उभ्याने, जेवण ओट्याशी उभ्याने, आणि बसमध्ये खिडकीजवळची जागा रिकामी असली तरी हा आपला दांडीला लोंबकळत. बायको म्हणाली, घरात पाहुणा आल्यासारखा वाटतोस, आणि तोही निघायच्या घाईत असलेला. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि तिथून परत, अशा त्याच्या येरझारा चालूच राहिल्या. शेवटी बायकोने त्याच्या वाटेतली चटई गुंडाळून ठेवली. निदान ती तरी वाचावी म्हणून.

तसा स्वस्थ बसणं हा त्याचा गुण कधीच नव्हता. आई लवकर गेली, वडिलांची नोकरी फिरतीची, त्यामुळे त्याला आत्याने वाढवलं. आणि 'चुळबुळ' हे नाव तिनेच पाडलं. अभ्यासाला बसवलं की हा खुर्चीचे पुढचे पाय उचलून मागच्या दोन पायांवर झुलत राहायचा. आत्या पलीकडच्या खोलीतून, इकडे न बघता म्हणायची, "पाय टेकव, पडशील." भिंतीपलीकडून तिला ते कसं कळतं, हे त्याला मोठेपणीही उमगलं नाही. पुढे तो चांगला शिकला आणि सरकारने त्याला नोकरी दिली ती नेमकी प्रयोगशाळेत खुर्च्या तपासायची. सरकारलाही अधूनमधून गंमत करावीशी वाटत असावी.

काम सोपं होतं. कारखान्यातून प्लास्टिकच्या खुर्चीचे नमुने यायचे. गुळगुळीत काचेवर खुर्ची ठेवायची, तिच्यावर वाळूचं भलंमोठं पोतं बसवायचं, ठरलेला वेळ तसंच राहू द्यायचं, मग उचलायचं. पाय फाकले नाहीत, तडा गेला नाही, तर खुर्ची पास. मग कारखान्याला तिच्या पाठीवर सरकारी शिक्का उमटवायची परवानगी. या पोत्याला प्रयोगशाळेत सगळे 'साहेब' म्हणत. दिवसभर बसून असतं, हलत नाही, बोलत नाही आणि उचलायला चार माणसं लागतात, म्हणून. "साहेबांना बसवा," "साहेबांना आता उठवा," असं रोज चालायचं. खऱ्या मोठ्या साहेबांच्या कानावर हे कधीतरी गेलं असावं. पण आपल्याबद्दल इतक्या आदराने बोलतात हे ऐकून त्यांनी ते चालू दिलं.

आता या साहेबांत एक खोट होती. ते सरळ बसत. एकदा ठेवलं की ठेवलं. ते मागे रेलत नसत, पाय लांब करत नसत, शेजाऱ्याच्या ताटात काय आहे ते बघायला वळत नसत. मूळ नियमाच्या मसुद्यात रेलण्याचीही एक चाचणी होती म्हणतात. पण नियम ठरवणाऱ्या समितीत कारखानदारांच्या संघटनेने हरकत घेतली, की खुर्ची ही बसण्याची वस्तू आहे, रेलणं हा तिचा गैरवापर. ज्यांना रेलायचं असेल त्यांनी आरामखुर्ची घ्यावी. तीही आम्हीच बनवतो. समितीत ग्राहकांच्या प्रतिनिधीची जागा होती, पण ती रिकामी होती, म्हणून त्या जागेवर फायली ठेवल्या होत्या. फायलींनी विरोध केला नाही. चाचणी गळली. ही बैठक ज्या खुर्च्यांवर झाली त्या मागे झुकणाऱ्या, गाद्यांच्या, चाकांच्या होत्या, ही गोष्ट इतिवृत्तात आलेली नाही.

आणि मग एका सकाळी आत्या अंगणात खुर्ची टाकून मटार सोलत बसली होती. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने खाली डोकावून काहीतरी विचारलं. आत्याने मान वर केली, उत्तर द्यायला जरा मागे रेलली, आणि खुर्चीचा मागचा पाय काडीसारखा मोडला. मटार अंगणभर, आत्या त्यांच्यामध्ये, आणि मनगट तिच्या अंगाखाली. शेजारीण अजून म्हणते, उत्तर मात्र पूर्ण दिलं हो तुमच्या आत्यांनी, पडता पडता.

तिने वकील न देता ग्राहक मंचाकडे तक्रार केली. मोडलेला पाय पिशवीत घालून ती स्वतःच गेली. भरपाई किती हवी, असं तिथल्या कारकुनाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, भरपाई राहू द्या, मला एवढंच कळायला हवंय की या खुर्चीवर सरकारचा शिक्का कशाचा आहे. मी कंपनीच्या भरवशावर बसले नव्हते. मी सरकारच्या भरवशावर बसले होते.

कंपनीने उत्तर दिलं, की खुर्ची सरकारी प्रयोगशाळेत पास झालेली आहे, हवं तर अधिकाऱ्याला बोलवा. मंचाने बोलावलं. त्या खुर्चीच्या नमुन्यावर साहेबांना ज्याने बसवलं होतं आणि ज्याच्या सहीने ती पास झाली होती, तो अधिकारी म्हणजे आपला चुळबुळ.

तो लगेच मोठ्या साहेबांकडे गेला आणि उभ्यानेच म्हणाला, की तक्रार करणारी माझी सख्खी आत्या आहे, मला यातून मोकळं करा. साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. जवळच्या नात्यात पत्नी होती, मुलं होती, आई-वडील, भाऊ-बहीण होते. आत्या नव्हती. "म्हणजे सरकारच्या दृष्टीने तुमचं काही नातं नाही," साहेब समजुतीने म्हणाले, जणू एक ओझं उतरवत होते. मग त्यांनी आवाज खाली आणला. नियमाप्रमाणे खुर्ची सरळ बसण्यासाठी योग्य आहे, एवढंच सांगायचं. रेलणं हा गैरवापर, हेही सांगायचं, कारण ते नियमाच्या टिपेत आहे. त्यापलीकडे आपलं मत देऊ नये. मत द्यायला सरकारने वेगळी माणसं ठेवली आहेत.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तो आत्याकडे गेला, सगळं सांगून टाकायला. आत्या एका हाताने भाजी निवडत होती. तो दाराशी उभा राहिला, मग कपाटापाशी, मग खिडकीशी. एकदा तिने पुढे केलेल्या स्टुलावर हात ठेवून, त्याचे पाय नकळत चाचपून तो परत खिडकीशी गेला.

"तू त्यांच्या बाजूने बोलणार आहेस ना?" आत्या भाजीकडे बघतच म्हणाली.

"बाजू अशी नसते गं. नियमाच्या बाजूने."

"बोल की मग. पण स्पष्ट बोल, पुटपुटू नकोस. लहानपणी कविता म्हणताना शेवटची ओळ गिळायचास." आणि तिने कोथिंबीर त्याच्या हातात दिली, रिकामा उभाच आहेस तर निवड म्हणून.

त्या रात्री तो झोपला की नाही हे माहीत नाही, पण आडवा झाला होता एवढं बायकोने नंतर सांगितलं.

मंचाची खोली म्हणजे एक लांबट दालन. समोर जरा उंचावर अध्यक्षबाई आणि दोन सदस्य, खाली एका बाजूला कंपनीचे वकील आणि त्यांच्या शेजारी कंपनीचा विक्री व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला आत्या आणि तिची पिशवी. खुर्च्या साध्या, लाकडी, चार पायांच्या. चुळबुळला वाटलं होतं साक्ष उभ्याने द्यायची असते. पण शिपायाने खुर्ची आणून ठेवली आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, बसा. त्याने उभं राहू द्यायची विनंती केली. बाई म्हणाल्या, बसा हो, इथे साक्षीदार बसूनच बोलतात.

तो बसला. इतक्या दिवसांनी बसल्यामुळे गुडघ्यांनाही क्षणभर काय करावं कळेना.

वकिलांनी विचारत नेलं आणि तो सांगत गेला. खुर्चीची चाचणी नियमाप्रमाणे झाली का? झाली. तडा? नाही. पाय फाकले? नाही. वकील गोड बोलणारे होते. प्रत्येक उत्तरानंतर ते मान अशी डोलवत, की उत्तर देणाऱ्याला आपण फार हुशार आहोत असं वाटावं. चुळबुळला हळूहळू आवाज सापडला. त्याला नियम तोंडपाठ होता आणि तोंडपाठ गोष्ट म्हणताना माणसाला फारसं हजर राहावं लागत नाही. मनात मात्र सारखं अंगण येत होतं, मटार येत होते. आत्याकडे बघायचं नाही असं ठरवून तो छताच्या पंख्याकडे बघत बोलत होता.

"आणि मागे रेलणं?" वकिलांनी शेवटचा प्रश्न हळुवार ठेवला.

"मागे रेलणं हा," तो पंख्याला म्हणाला, "नियमाच्या टिपेनुसार खुर्चीचा गैरवापर..."

"पाय टेकव, पडशील."

आवाज मोठा नव्हता. आत्या पिशवीचे बंद आवळत होती. तिने वर बघितलंसुद्धा नव्हतं. ते तिच्या तोंडून तसंच निघालं, जसं भिंतीपलीकडून निघायचं. चुळबुळने खाली पाहिलं. त्याच्या खुर्चीचे पुढचे दोन्ही पाय हवेत होते. तो कधीपासून झुलत होता कुणास ठाऊक.

त्याने पाय टेकवले. टक.

आणि मग त्या शांततेत आणखी एक टक झालं. विक्री व्यवस्थापक. मग वरच्या बाजूने एक, एका सदस्याचं. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसायला घेतला आणि त्यांच्याकडूनही, जरा वेळाने आणि शक्य तितक्या प्रतिष्ठेने, टक झालं.

वकील तेवढे सरळ बसलेले होते, कारण ते उभे होते. आणि ते खरे वकील होते, त्यांनी क्षण वाया घालवला नाही. ते वळून म्हणाले, "मंचाने कृपया नोंद घ्यावी. मागे रेललं तर माणूस पडतो, हे तक्रारदार बाईंना चांगलं माहीत आहे. वर्षानुवर्षं माहीत आहे. आत्ताच त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तरीही त्या रेलल्या."

आत्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. तिने प्लास्टरच्या हाताने पिशवी पोटाशी धरली. आपण काय करून बसलो ते तिला कळलं होतं, आणि त्याला सावरताना करून बसलो हेही. चुळबुळने ते पाहिलं. वकील बसायला वळले होते, अध्यक्षबाई 'साक्षीदार जाऊ शकतात' असं म्हणायला तोंड उघडत होत्या. तो उठला, पण गेला नाही.

"तिला माहीत होतं," तो म्हणाला. "मलाही माहीत होतं. कंपनीलाही माहीत आहे, बाई, तुम्हालाही आहे. लोक रेलतात हे या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. फक्त आमच्या वाळूच्या पोत्याला माहीत नाही, आणि खुर्ची पास करताना आम्ही त्यालाच विचारतो."

वकिलांनी हरकत घेतली, की हे साक्षीदाराचं मत आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, असेल, पण लिहून घ्या. टंकलेखकाने विचारलं, पोतं असंच लिहू का? बाई म्हणाल्या, असंच लिहा.

बाहेर जिन्यावर आत्या कठड्याला धरून हळूहळू उतरत होती. तिने विचारलं, आता तुझ्या नोकरीचं काय. तो म्हणाला, बघू. ती म्हणाली, शेवटची ओळ मात्र गिळली नाहीस.

निकाल आत्याच्या पूर्ण बाजूने लागला असं म्हणता येणार नाही. मंचाने कंपनीला खुर्ची बदलून द्यायला सांगितलं आणि कंपनीने तत्परतेने त्याच प्रकारची दुसरी खुर्ची शिक्क्यासकट पाठवून दिली. आत्याने तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली. ती रेलत नाही म्हणून. पण निकालात एक वाक्य असंही होतं, की प्रयोगशाळेने खुर्ची लोक वापरतात तशी तपासावी आणि त्याचा अहवाल मंचाला द्यावा.

हे वाक्य घेऊन मोठ्या साहेबांनी चुळबुळला बोलावलं. तो शिक्षेच्या तयारीने गेला आणि टेबलासमोर उभा राहिला. साहेब चिडलेले होते, पण त्यांची चीड पोत्यावर होती. त्यांनी सकाळपासून चार माणसं लावून पोतं रेलवून पाहिलं होतं. ते एकतर सरळ बसायचं नाहीतर लोळायचं, अधलंमधलं त्याला काही येत नव्हतं. नवं यंत्र मागवायचं तर त्याला आधी समिती, आणि समितीत ग्राहकांची जागा अजून रिकामीच.

"याला माणूसच हवा," साहेब म्हणाले. "असा, की ज्याला एका जागी धड बसता येत नाही. सारखा हलणारा. पुढे-मागे करणारा. असा कुठून आणायचा?"

आणि बोलता बोलता ते थांबले. चुळबुळ या पायावरून त्या पायावर होत होता.

हल्ली तो दिवसभर बसून असतो. गाद्या अंथरलेल्या असतात, डोक्याला पिवळं शिरस्त्राण असतं, आणि तो एकेका खुर्चीवर पुढचे पाय उचलून झुलत राहतो. मागचा पाय फाकायला लागला की मदतनीस खडूने खूण करतो. बरेच नमुने नापास होतात. तो बरेचदा पडतो. घरी गेल्यावर अजूनही जेवण उभ्यानेच होतं, पण आता त्याचं कारण वेगळं आहे. कारखानदारांच्या संघटनेने पत्र पाठवलं आहे, की सदर अधिकारी सामान्य ग्राहकापेक्षा जास्त अस्वस्थ आहे, सबब चाचणी न्याय्य नाही. पत्रावर विचार चालू आहे. एखाद्या दिवशी साहेबांना, म्हणजे वाळूच्या, पुन्हा बोलावणं येईल, हे त्याला माहीत आहे, आणि म्हणून तो जरा घाईनेच झुलतो.

परवा झुलत असताना आत्याचा फोन आला. तिने हालहवाल विचारली, मनगट आता पावसाळी हवेत ठणकतं म्हणाली, आणि मग मध्येच थांबली. तारेच्या त्या टोकाला तिला काय ऐकू आलं कुणास ठाऊक.

"पाय टेकलेत का रे?"

"नाही," तो म्हणाला. "ड्यूटीवर आहे."