उसवता येणारं पुस्तक

अडुसष्टाव्या वर्षीही घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. धाकटी भूगोल शिकवून निवृत्त झालेली, तर थोरल्या बहिणीने, ताईने, पन्नास वर्षं शिवणाचं दुकान चालवलेलं. त्या ताईवर धाकटीने पुस्तक लिहिलं होतं, तिला पत्ताही लागू न देता.

घोडं अडलं ते छापण्यापाशी. एका प्रकाशकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने तोंड भरून स्तुती केली आणि वर सांगितलं, दोन वर्षं थांबा, रांग आहे. धाकटी थांबली असती हो, पण ताईचे डोळे थांबणार नव्हते. वाचण्यापुरती नजर फार तर सहा महिने, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दोन वर्षांनी पुस्तक ताईच्या मांडीवर ठेवून काय करायचं, हात फिरव म्हणायचं?

तेव्हा ताईच्या मुलीने कंबर कसली. चार संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसली, मजकूर लावला, मुखपृष्ठावर ताईच्या जुन्या कात्रीचा फोटो टाकला आणि पाचव्या दिवशी ते ई-पुस्तक म्हणून प्रसिद्ध करायचं बटण दाबलं.

"झालं, मावशी. आलं पुस्तक."

ना कुणाचे उंबरठे झिजवले, ना कुणाची मनधरणी केली. शाळेत शिकवत असताना ज्या कॉम्प्युटरच्या नावाने धाकटीने बोटं मोडली होती, त्यालाच आता मनातल्या मनात हात जोडले.

टॅबलेटवर अक्षरं हवी तेवढी मोठी होत. ताईने ती इतकी मोठी केली की पडद्यावर जेमतेम सहा शब्द मावत. वर्तमानपत्र तिने कधीच सोडलं होतं, पण हे ती रोज सकाळी खिडकीपाशी बसून वाचू लागली. धाकटी शेजारच्या खोलीत कपाट आवरायचं सोंग करून कान देऊन बसे. नऊ दिवसांत एकच कपाट तिने सहा वेळा लावलं.

नवव्या दिवशी हाक आली. "धाकटे, इकडे ये. हे काय लिहिलंयस?"

पडद्यावर होतं, 'माझ्यासाठी ताईने शाळेवर पाणी सोडलं.'

"खरंच आहे की ते."

"कुणी सांगितलं तुला? गणिताचा तास आला की मला शाळाच नकोशी व्हायची. पहिल्यांदा मशीनवर बसले तेव्हा वाटलं, सुटले बाई. आणि तू मला पुस्तकभर बिचारी करून ठेवलंयस."

धाकटीने ती ओळ पुन्हा वाचली. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? परस्पर आभार मानत सुटलीस. मानायचेच तर मी शिवलेल्या तुझ्या गणवेशाचे मान. तसा नेटका गणवेश अख्ख्या शाळेत कुणाचा नव्हता. तू तो घालून निघालीस की मी दुकानाच्या दारात उभी राहून बघायचे, पार वळणापर्यंत."

धाकटीला हे ठाऊकच नव्हतं. एकदाही मागे वळून पाहिलं असतं तर कळलं असतं.

ताईच्या दुकानाचा नियम एकच होता. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी चालेल, चुकलेली शिवण बाहेर जाऊ द्यायची नाही.

"उसव ते," ताई सवयीने म्हणाली आणि मग स्वतःच ओशाळली. "पण छापून आलेलं कसं उसवणार म्हणा. राहू दे आता."

"येतं उसवता," धाकटी म्हणाली, आणि हे म्हणता येतंय याचा तिला केवढा आनंद झाला. कागदावर छापून आलं असतं तर ती चूक जन्मभर तशीच राहिली असती.

दुपारभर बसून तिने ते पान नव्याने लिहिलं. संध्याकाळी भाचीने ते चढवलं. सकाळी ताईने बोट सरकवत सरकवत वाचलं, 'ताई दारात उभी राहून बघायची.'

"हं," ती म्हणाली. "ही मी."

या खेपेला धाकटी कपाटाकडे गेली नाही. स्टूल ओढून शेजारी बसली.

"ताई, मशीनवर सगळ्यात पहिलं काय शिवलंस?"

ताईने टॅबलेट मांडीवर उपडा ठेवला. "उशीचा अभ्रा. तोही वाकडा. बस, सांगते. या वेळी नीट ऐकून लिही."