बस्सीला नेलेल्या अक्षता

थोरल्या नातीचं, स्वप्नालीचं, लग्न झालं ते २०२३ साल. पत्रिकांवरची नावं मीच लिहिली. साठीत अक्षरं शिकलो, त्यामुळे हौस दांडगी. लग्न उरकलं आणि आठवड्यात धाकटी, संपदा, मानसरोवर वस्तीतल्या आमच्या घरात तोंड पाडून बसली.

"आबा, आम्ही कंपनीपासून वेगळे झालो."

तिनं समजावून सांगितलं. माहिती साठवायचा एक डेटाबेस देशोदेशीच्या माणसांनी मिळून, फुकट बांधला होता. त्याच्या नावाचा हक्क जिच्याकडे होता ती कंपनी म्हणू लागली, यापुढे आमचंच चालणार. मग या मंडळींनी सगळ्या कामाची प्रत घेतली आणि वेगळी चूल मांडली. तशी नियमातच मुभा होती.

जौहरी बाजारात सोनं गाळण्यात माझा जन्म गेला. मी म्हणालो, "आमचं गणपती मंडळ फुटलं तेव्हा ढोल एकच. त्यावरून डोकी फुटली."

"इथं दोघांकडे अख्खा ढोल आहे, आबा."

"मग रडतेस कशाला?"

"वाजवणारा एकच आहे!"

तो म्हणजे श्यामकांत सर, निवृत्त प्राध्यापक. वीज गेली तरी माहिती शाबूत ठेवणारा भाग त्यांनी लिहिलेला. दुसऱ्या कुणाला तो उमगत नव्हता. सर आले नाहीत तर यांची नवी चूल पेटणार नव्हती.

"बोलावलंत का त्यांना?"

"मतलब, सगळ्यांना मेल गेली आहे."

"सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही. स्कूटर काढ."

तांदळाला कुंकू लावून पुडी बांधली आणि शहराबाहेरचं सरांचं गाव, बस्सी, गाठलं. सर आवळ्याला पाणी घालत होते. मी अक्षता हातावर ठेवल्या. "सर, नातीकडे कार्य आहे. अगत्यानं यायचं."

"सॉफ्टवेअरला अक्षता?" संपदा माझ्या कानात पुटपुटली.

सरांनी नळ बंद केला. "एकशे चौदा मेल आल्या. प्रत्येकीत 'हाय ऑल'. या ऑलमध्ये मी आहे की नाही, मला कसं कळावं?"

"घेऊन जा हो यांना," आतून सरांच्या पत्नी वीणाताई ओरडल्या. "तीन महिने झाडांच्या चुका काढताहेत!"

सरांनी संपदाचा लॅपटॉप ओढला आणि चहा निवायच्या आत तिच्या कामात अकरा चुका काढल्या. पोरगी परतताना टोलनाक्यापर्यंत गात होती.

दिवाळीत त्यांचा डेटाबेस बाहेर पडला. सर पुढं दर मंगळवारी या मंडळींपैकी तिघांना आपला भाग शिकवत राहिले, आणि तिघंही रडकुंडीला येऊन का होईना, शिकले. श्यामकांत सर १७ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी बस्सीच्या घरी वारले.