पुरीएवढं उघडं लोखंड

अट जागृतीनेच घातली होती, आणि ती पूर्ण होणार नाही अशी तिची मनातून खात्री होती.

झालं असं, की रविवारी तिच्या नवऱ्याच्या, प्रणयच्या, जीपवाल्या दोस्तांची टोळी मुरुडच्या मागचा डोंगर चढणार होती. दरवर्षीच चढते. पाच किलोमीटर दगडधोंड्यांची वाट, दोन ओढे, आणि मोबाईलला रेंज म्हणून नाही. यंदा प्रणयला चार वर्षांच्या लेकीला, प्राप्तीला, बरोबर न्यायचं होतं. प्राप्तीने चार दिवस आधीपासून चप्पल घालून झोपायला सुरुवात केली होती.

"मी खाली पायथ्याशी बसणार," जागृती म्हणाली. "आणि पूर्ण वाटभर मला तिचा आवाज ऐकू आला पाहिजे. स्पष्ट. आदल्या दिवशी इथे उरणला टेस्ट घ्यायची. आवाज आला तर ती जाईल. नाही आला तर माझ्याजवळ राहील."

"शब्द?" प्रणयने विचारलं.

"शब्द."

प्रणयने लगेच मकसूदला फोन लावला.

मकसूद मुरुडचा. मासेमारीच्या बोटींवर रेडिओ बसवणं हा त्याचा धंदा. शनिवारी सकाळीच तो आपली पिकअप घेऊन उरणला हजर झाला. बरोबर परवाना न लागणारे दोन रेडिओ आणि माणसाहून उंच अशी एक बारीक, लवलवती अँटेना.

"भाभी, फिकीर नॉट," तो उतरता उतरता म्हणाला. "वीस वर्षं बोटींवर सेट लावतोय. खोल समुद्रातून माणूस बायकोशी भांडतो, इतका साफ आवाज."

अंगणात जीप उभी होती आणि तिच्याभोवती सासरे, म्हणजे नामाबाबा, राखण करत असल्यासारखे फिरत होते. बाबांचं बालपण मिठागरात गेलं, मधलं आयुष्य बंदराकडे ट्रेलर चालवण्यात, आणि आताचं सगळं गंजाशी वैर करण्यात. घरात लोखंड म्हणून जे काही होतं त्याला बाबांनी रंग दिलेला. गेट, खिडक्यांचे गज, पाण्याची मोटार, झोपाळ्याच्या कड्या. एकदा तर विळीला दिला होता, तेव्हा सासूबाईंनी, कमळआईंनी, दोन दिवस स्वयंपाक बंद ठेवला. जीपला वर्षाकाठी एक हात ठरलेला, आणि रंग ज्या कुणाच्या बोटीचा उरला असेल तो.

"मकसूद, माझ्या रंगाला ओरखडा पडता कामा नये हां," बाबांनी बजावलं. "मिठाचा वारा हाय हा. जरा उघडं दिसलं की लोखंडाचा पापड करतो."

"काका, मला सांगता? माझं अर्धं आयुष्य खारं आहे." मकसूदने पिशवीतून रबराच्या जाड चकत्या काढल्या. जीपच्या मागच्या कोपऱ्यात अँटेनाची पट्टी बसवताना त्याने खाली रबर, वर रबर, बोल्टाभोवती रबराची नळी, आणि सगळ्यावर सिलिकॉनचा लपका अशी बडदास्त ठेवली. काम संपल्यावर त्याने हात पुसले. "बोटीवर अस्संच. पाणी, हवा, मीठ, कुणाची आत शिरायची टाप नाही."

बाबा खूश झाले. प्रणय खूश झाला. प्राप्तीने अँटेना हलवून पाहिली आणि ती खूप वेळ हलत राहिली म्हणून तीही खूश झाली.

मग टेस्ट. दुसरा रेडिओ मकसूदच्या पिकअपमध्ये होता. जागृती तिथे माईक हातात घेऊन बसली. प्राप्तीला पट्ट्यांनी घट्ट बांधून प्रणय जीप घेऊन मिठागराच्या बांधावर निघाला.

"आई, मी बोलतेय," रेडिओ म्हणाला. "बाबाने मला अजून चॉकलेट दिलं नाही."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत हे छान चाललं. दुकानाच्या पुढे प्राप्तीचा आवाज चिरकायला लागला, आणि पहिल्या मिठागराशी तर कढईत बोंबील सोडल्यासारखी नुसती चरचर. जागृतीने दहा वेळा हाक मारली. दहाही वेळा बोंबीलच तळले गेले.

वीस मिनिटांनी जीप परत आली. मकसूदने तोंड पाडून एक छोटा मीटर जोडला. पाठवलेल्यापैकी किती सिग्नल हवेत न जाता माघारी येतो, ते हा मीटर दाखवतो. काटा तीनच्या पलीकडे, लाल पट्ट्यात जाऊन बसला.

"अँटेना वाईट निघाली असेल," मकसूद म्हणाला. "कॉइल खराब. दुसरी आणायला मुंबई गाठावी लागेल, आज तर जमणार नाही."

आता जागृतीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती पनवेलच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. प्राप्ती रांगायला लागली त्या आठवड्यात तिने एक मल्टिमीटर विकत आणला आणि घरातला प्रत्येक प्लगपॉइंट, फ्रिज, मिक्सर आणि बाबांची लोखंडी खाटसुद्धा तपासून काढली. "लोकांच्या सुना सोनं मागतात," कमळआई शेजारणीला सांगायच्या, "आमची टेस्टर मागते." तर या जागृतीने रेडिओबरोबर आलेलं माहितीपुस्तकही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. ते वाचणारी त्या अंगणात ती एकटीच.

प्राप्तीची चप्पल जीपखाली गेली होती. ती काढायचं निमित्त करून जागृती मागच्या कोपऱ्याशी वाकली. मल्टिमीटरची एक टोकदार सुई तिने अँटेनाच्या पट्टीला लावली आणि दुसरी सायलेन्सरच्या गंजलेल्या नटाला, कारण संपूर्ण जीपवर बाबांच्या रंगातून निसटलेला तेवढाच एक नट होता. दोन लोखंडं एकमेकांना भेटत असतील तर हा मीटर टीं करतो.

मीटर गप्प.

झालं. तिला सगळं कळलं. बोटीवरची अँटेना वेगळी असते, ती एकटी आपल्या जिवावर बोलते. ही गाडीची. हिला गाडीचं लोखंड पायाखाली लागतं. अर्धं काम अँटेना करते, अर्धं जीपचं अंग. आणि इथे एकाने बोटीच्या सवयीने रबर घातलं होतं, दुसऱ्याने मिठाच्या भीतीने रंग. मधल्यामध्ये अँटेना बिचारी अधांतरी.

जागृती उठली, चप्पल झटकली आणि काही बोलली नाही.

बोलायचं कशाला? आवाज आला नाही. अट तिची होती, ती मोडली नव्हती. उद्या प्राप्ती तिच्या मांडीवर बसेल, शहाळं पिईल, आणि डोंगर जिथल्या तिथे राहील. जागृती चहा टाकायला आत गेली.

खिडकीतून अंगण दिसत होतं. प्रणय प्राप्तीसमोर उकिडवा बसला होता. तो भांडेल, निदान 'दुकानापर्यंत तर आला ना आवाज' असं काहीतरी काढेल, अशी जागृतीची तयारी होती. त्यावरचं उत्तरही तिने जुळवून ठेवलं होतं.

"आवाज नाही आला ना, म्हणून," प्रणय पोरीला सांगत होता. "आईला शब्द दिलाय मी. शब्द दिला की दिला."

"पण मी मोठ्याने बोलले," प्राप्ती म्हणाली. "खूप मोठ्याने."

"तुझी चूक नाही, राणी. मशीनची आहे."

मशीनची! जागृतीच्या हातातलं आलं किसणीवर थांबलं. हा माणूस सरळ वागत होता आणि तिच्या खिशात मल्टिमीटर होता. शिवाय तिची एक साधी खोडही होती: समोर जोडणी चुकलेली दिसतेय आणि आपण गप्प, हे तिला उघड्या वायरीइतकंच सहन होत नव्हतं. चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, ओट्याखालून पॉलिश पेपर काढला आणि बाहेर आली.

"अँटेना चांगली आहे," ती म्हणाली. "रबर काढा. आणि बाबा, तुमचा रंग थोडा खरवडावा लागेल."

मग बाबा उठले.

"काय म्हणालीस?"

"पट्टीखालचं लोखंड उघडं पाहिजे. लोखंडाला लोखंड टेकलं पाहिजे."

"न्हाय. माझा बाप मिठात राबला, मी राबलो. मीठ काय करतं ते तुझ्या कॉलेजात न्हाय शिकवलं."

"भाभी, बोटीवर तर..." मकसूदने सुरुवात केली.

"मकसूदभाई, ही बोट आहे का?"

मकसूदने जीपच्या चाकांकडे पाहिलं, मग स्वतःच्या रबराच्या चकत्यांकडे, आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला. बोटीवर खाली लाकूड नाहीतर फायबर. मी हिला पण होडीच समजलो."

पण बाबा हटेनात. शेवटी घासाघीस सुरू झाली.

"केवढं खरवडणार?" बाबांनी विचारलं.

"भाकरीएवढं."

"भाकरी! कुंकवाएवढं खरवड."

"कुंकवाएवढ्यात पट्टी कशी मावेल, बाबा?"

"मग वडीएवढं."

"आबा," प्राप्ती मध्ये पडली, "पुरीएवढं दे ना."

बाबांनी नातीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आणि पायांत दोन्ही चपला उलट्या होत्या. "पुरीएवढं," ते म्हणाले. "पण सणाची मोठी पुरी न्हाय. पाणीपुरीची."

जागृती घासू लागली. आधी राखाडी रंग निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली 'हा दयारामच्या होडीचा' असं बाबा ज्याला हळहळून म्हणाले तो निळा, मग तांबडा, आणि सगळ्याच्या तळाशी एकदाचं चकचकीत लोखंड. बाबांनी तोंड फिरवलं. पाणीपुरी हळूहळू चांगली घरगुती पुरी झाली, ते त्यांना दिसलं नाही. मकसूदने पट्टी थेट लोखंडावर ठेवली, खाली दातेरी वॉशर घातला आणि बोल्ट आवळला. जागृतीने मग तांब्याची विणलेली पट्टी मागितली. बोटीवर लागते म्हणून ती मकसूदकडे होतीच. जीपच्या अंगापासून खालच्या चासीपर्यंत, आणि बॉनेटपासून अंगापर्यंत, असे तिने दोन तुकडे जोडून घेतले, म्हणजे जीपचं सगळं लोखंड एकमेकांना भेटलं.

मल्टिमीटर टीं करून ओरडला. काटा लाल पट्टा सोडून दीडवर आला.

"आता जोडावर ग्रीस लावा, आणि बाहेरून रंग द्या," जागृती सासऱ्यांना म्हणाली. "कितीही द्या."

बाबांनी इतका दिला की कोपऱ्यात गाठ आल्यासारखी दिसू लागली. दुसऱ्या टेस्टला मात्र बांधाच्या शेवटच्या टोकावरून, दोन किलोमीटरवरून, प्राप्तीने चॉकलेट मिळाल्याचं कळवलं. तिला चघळताना ऐकू येत होतं.

म्हणजे आता प्राप्ती डोंगरावर जाणार. जागृतीने स्वतःच्या हाताने पाठवली होती.

रविवारी पायथ्याच्या नारळीच्या वाडीत मकसूदची पिकअप उभी राहिली. जागृती माईक धरून आत, बाबा बाहेर बाकावर. जीप झाडीत शिरली. पहिला ओढा ऐकू आला, दुसरा ऐकू आला, एका माकडाचं सविस्तर वर्णन ऐकू आलं. ऐकू येणं इतकं चांगलं होतं की जागृतीला जे ऐकायचं नव्हतं तेही येत होतं: दगडावरून घसरणारं चाक, इंजिनाची धाप, आणि मग प्राप्तीचं, "आई, गाडी वाकडी झाली!"

जागृतीने बटण दाबलं. "किती वाकडी? पट्टा लावलाय ना? बाबाला सांग हळू! प्रणय, ऐकतोयस? दरवाजाला टेकू देऊ नकोस तिला. प्रणय! बोल ना काहीतरी! मकसूदभाई, ते बोलत नाहीत! बाबा, आवाज गेला! काहीतरी झालंय! प्राप्ती! प्राप्ती, आईशी बोल!"

बाबा बाकावरून धावत आले. मकसूद खिडकीत वाकला. त्याने रेडिओकडे पाहिलं, मग जागृतीच्या अंगठ्याकडे. अंगठा पांढराफटक पडला होता.

"भाभी," तो हळूच म्हणाला, "बटण सोडा. तुम्ही दाबून धरलंय तोवर ते कसे बोलणार?"

माहितीपुस्तकाच्या तिसऱ्याच पानावर होतं ते. तिने अंगठा उचलला. उचलताना तो जरा दुखला.

"...कधीचे बोलतोय आम्ही," प्रणयचा आवाज आला, आणि मागे कुणीतरी पोट धरून हसत होतं. "सगळं ठीक आहे गं. वाकडी होती, सरळ झाली. पुढे शेवटचा चढ आहे, जरा उभाच आहे. तू म्हणशील तर इथूनच वळतो. सांग."

अंगठा पुन्हा बटणाकडे गेला. मकसूदने नारळाच्या शेंड्यांकडे पाहायला सुरुवात केली. तिने दाबलं.

"प्राप्ती, तुला काय दिसतंय तिथून?"

आणि सोडलं.

"समुद्र," प्राप्ती म्हणाली. "पण अर्धाच. उरलेला अर्धा वरून दिसतो असं बाबा म्हणतो."

जागृतीने डोळे मिटले, बटण दाबलं, आणि एवढंच म्हणाली, "मग अर्ध्यावरून काय परत येता? जा."

या वेळी अंगठा लगेच उचलला गेला. तिने माईक डॅशबोर्डवर ठेवला, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, आणि ऐकत बसली.