मी चालतो, नीट जोडून तर बघा!

मी एक जुनं स्टिअरिंग आहे. खऱ्या गाडीचं नाही, टीव्हीवरच्या शर्यतीच्या खेळाचं. हसलात ना? हसा. खेळण्यातलं म्हणून सगळे आधी हसतात आणि मग वाटेल तसं वागवतात. म्हणूनच आज बोलायला बसलोय, मित्रांनो.

कारखान्यात माझ्या पोटात एक छोटी मोटर बसवली. रस्ता खडबडीत आला की ती मला थरथरवते, वळण आलं की हाताला ओढ देते. मग मी गेम भाड्याने देणाऱ्या एका दुकानात आलो. दुकान दोघा भावंडांचं. ताई गल्ल्यावर बसते. तिचा धाकटा भाऊ आतलं बघतो, त्याला सगळे झटपट म्हणतात. आतल्या खोलीत टीव्हीसमोरच्या टेबलाला मला घट्ट आवळलं. काय कौतुक व्हायचं तेव्हा! गिऱ्हाइकं माझ्यासाठी रांग लावायची. पुढे अंगठ्याने चालणारे नवेनवे कंट्रोलर आले आणि लोक माझ्यावर जॅकेट लटकवू लागले. जॅकेट! मी काय खुंटी आहे?

माझी खरी कदर होती ती या भावंडांच्या मावशीला. तिने वर्षानुवर्षं शाळेची बस चालवली. मग सांधे धरले, बोटं आखडली, अंगठे तर वळेनातच. बस चालवणं सुटलं. कंट्रोलरची इवलीशी दांडी तिला झेपत नाही, पण मला दोन्ही तळव्यांनी धरून छान वळवता येतं. रोज संध्याकाळी यायची, जॅकेट बाजूला करायची आणि डोंगरातल्या रस्त्याचा गेम लावायची. शर्यत कधी जिंकली नाही. जिंकायचंच नव्हतं तिला. गाडी पुन्हा हातात आहे, एवढ्यावर ती खूश असायची.

अशात झटपटने यादी करायला घेतली. स्टिअरिंगवर चालणाऱ्या गेमच्या डब्याला हिरवा स्टिकर, फक्त कंट्रोलरवर चालणाऱ्याला लाल. काम चांगलंच होतं, माझी ना नव्हती. पण करायची रीत बघा! आमच्याकडे माझी वायर आधी जोडायची, मग गेम सुरू करायचा. गेम सुरू होताना एकदाच बघतो, कोण कोण हजर आहे ते. हा पठ्ठ्या कंट्रोलरवर गेम सुरू करायचा, मजेत फेऱ्या मारायचा आणि आठवण झाली की माझी वायर मध्येच खुपसायचा. मी हलणार कसा? "नाही चालत," म्हणून लाल स्टिकर थापून मोकळा! बघता बघता सगळं फडताळ लाल. मला पाय असते तर तळपायाची आग मस्तकात गेली असती. वर मलाच म्हणतो, "गेलं हे कामातून." आणि दिलं भंगाराच्या खोक्यात टाकून.

संध्याकाळी मावशी आली. झटपटने तिच्या हातात कंट्रोलर दिला.

"मावशी, आता यावर खेळ. ते स्टिअरिंग कुठल्याच गेमला चालत नाही."

तिने मनापासून प्रयत्न केला हो. गाडी भिंतीवर आदळली. पुन्हा आदळली. मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. मावशीने कंट्रोलर अलगद खाली ठेवला.

"राहू दे रे. उद्यापासून नाही येत मी. उगाच तुमची खोली अडते."

खोक्यात पडल्या पडल्या असा संताप झाला म्हणून सांगू! पण ताईचे कान तिखट. ती गल्ला सोडून आत आली.

"काल मावशी खेळत होती ना त्यावर? मग आज सगळे गेम एकदम रुसले? वायर कधी जोडलीस तू?"

"गेम सुरू केल्यावर. दर वेळी बंद करून पुन्हा कोण लावत बसणार?"

"कंटाळा तुला, आणि शिक्षा मावशीला?"

ताईने मला बाहेर काढलं, पुसलं, टेबलाला आवळलं. आधी वायर, मग गेम. पडद्यावर डोंगरातला रस्ता आला आणि मी असा थरथरलो की टेबल हललं. झटपटचा चेहरा पडला. तो धावत जाऊन भराभर लाल स्टिकर ओरबाडू लागला. तीही घाईच!

"थांब," मावशी म्हणाली. "सगळे काढू नकोस. एकेक नीट लावून बघ. जो खरंच चालत नाही, त्याचा लाल राहू दे." तिने तळवे माझ्यावर ठेवले. "माझी बस बंद केली ना, तेव्हा डॉक्टरांनी माझं एकेक बोट वळवून बघितलं होतं. मग नाही म्हणाले. मी रडले, पण ऐकलं. तू तर न बघताच नाही म्हणालास."

 झटपटने पहिला डबा उचलला आणि मावशीशेजारी खुर्ची ओढली.

काही गेम लालच राहिले, मित्रांनो. त्याचा मला जराही राग नाही. जे जमत नाही त्याला खुशाल नाही म्हणा. पण वस्तू असो की माणूस, आधी हात लावून बघा, नीट बघा, आणि मगच भंगाराचं खोकं शोधा!