छबिन्यातली उडी

नखांच्या कडांना बसलेला भंडारा साबणानं निघत नव्हता, आणि शिवराज न्हाणीत उकिडवा बसून एकेक बोट दगडावर घासत होता — काल घासलं होतं, परवाही — तरी पिवळं ते पिवळंच. बाहेर ओट्यावर बायका येऊन बसल्या होत्या. ईट गावात आता रविवार म्हणजे शिवराजच्या अंगात बिरोबा येण्याचा दिवस, आणि यावर गावात सगळ्यांचा विश्वास होता, एक शिवराज सोडून.

"झालं का तुमचं?" गजराबाईनं बाहेरून विचारलं.

तुमचं. सख्खी आई त्याला तुम्ही म्हणायला लागली त्याला वर्ष होत आलं. शेरडांमागं धाडताना जिच्या तोंडी 'मुडद्या'शिवाय हाक नसायची, तीच ही. तिनं एक सणसणीत शिवी हासडली असती तर त्याला किती बरं वाटलं असतं.

सगळा घोळ त्या एका उडीचा. ती त्यानं आणि त्याच्या दोस्तानं, रणधीरनं, मोबाइलवर बघून बघून सोयाबीनच्या भुसकटात शिकली होती — माना अवघडल्या, कोपरं फुटली, शाळेतले खेळाचे सर म्हणाले, ना मॅट ना कोच, हे कसलं जिम्नॅस्टिक्स, ह्या तर माकडउड्या — पण गावोगावची पोरं वरातीत, नदीच्या वाळूत अशाच उड्या मारत नाचायला लागली होती आणि त्यांच्यात शिवराजचं नाव होतं. मग जत्रेचा छबिना निघाला. ढोल असा लागला की पाय जागेवर राहीनात, आणि अंगातली सगळी मस्ती एकवटून त्यानं पालखीपुढं उलटी उडी घेतली... खाली उतरला तेव्हा ढोल थांबला होता. कुणीतरी त्याच्या कपाळाला भंडारा फासला. म्हाताऱ्या पाया पडायला लागल्या. तेव्हाच हसून सांगायला हवं होतं. पण गर्दीत आई दिसली — नवरा गेल्यापासून कुठल्या कार्यात जिला कुणी पुढं बसवलं नव्हतं ती आई — आणि लोक तिला वाट करून देत होते. मी गप्प बसलो. एकदाच तर गप्प बसलो होतो...

आज बार्शीला उड्यावाल्या पोरांची स्पर्धा होती. रणधीर मोटारसायकल घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. "उडी आपली हाय, देवाची न्हाय," तो काल म्हणाला होता. "सांगून टाक अन् चल." देवाच्या माणसानं मैदानात नाचू नये, बूट घालू नयेत, असं आता ठरून गेलं होतं. कुणी ठरवलं, ते विचारायची सोय नव्हती. आज सांगायचं. आज नाही तर मग कधीच नाही.

तो अंगणात आला. दर रविवारी वाजवायला येणाऱ्या गुंडप्पानं ढोलावर थाप मारली. घुमणं नाही, डोळे मिटणं नाही — शिवराज सरळ धावला, हात टेकले, उलटा फिरला, पायांवर उतरला आणि धापा टाकत म्हणाला, "आत्या, मावशी, ऐका. ह्यात देव न्हाय. म्या हे मोबाइलवर शिकलोय. भुसकटात पडून पडून."

बायकांतली कडूबाई, जोडलेले हात तसेच ठेवून, म्हणाली, "देव कुणाला कुठनं शिकवंल, त्याचा काय नेम? मोबाइल तर समद्यांच्याच हातात हाय. उडी तुमालाच कशी आली?"

"व्हय की," बाकीच्या म्हणाल्या. वर्षभर मनात घोकलेल्या वाक्याचाही त्यांनी अंगारा करून कपाळाला लावला.

त्यानं आईकडं पाहिलं. तिला नवल वाटलं नव्हतं. जराही नाही. भुसकटानं अंग खाजायचं तेव्हा पाठीला खोबरेल लावणारी तीच होती. म्हणजे तिला ठाऊक होतं — छबिन्यात, त्या क्षणीही — आणि वर्षभर हे 'तुम्ही' ती जाणूनबुजून म्हणत आली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "बसा तुम्ही," ती म्हणाली, आणि तिनं घोंगडी त्याच्यापुढं अंथरली.

गल्लीत हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. शिवराज घोंगडीवर बसला.

कडूबाई पुढं सरकली. "देवा, माझा कोंडीराम पुण्याला गेला तो दिवाळीलाबी आला न्हाय. फोन लागत न्हाय. येईल का वं?"

असं कुणी विचारलं की तो 'देवाला ठाऊक' म्हणायचा. तेवढंच खोटं टळायचं. आज तोंडातून गेलं, "येईल."

कडूबाई रडायला लागली. तिनं त्याच्या पायांवर डोकं टेकवलं, आणि एरवी तो पाय मागं घ्यायचा, ते आज घेतले नाहीत. मोटारसायकल सुरू झाल्याचं, दूर गेल्याचं ऐकू आलं. खोटं बोलल्याची लाज आता वाटेल, मग वाटेल, म्हणून तो वाट बघत राहिला... पण आली ती भीती. कोंडीराम नाही आला तर? या बाईला तोंड कोण दाखवणार — मीच ना? आणि आयुष्यात पहिल्यांदा, अगदी पोटातून, त्याला वाटलं की देव खरंच असावा, आणि आत्ताच्या आत्ता आपल्या अंगात यावा...